चौथा रकाना

हुआ हिनच्या स्टेशनामागे, अननस कापणाऱ्या गाडीला लागून
माझं ऑफिस. दोन टेबलं, एक पंखा,
भिंतीवर सात गोल्फ कोर्सचे नकाशे,
उन्हानं त्यांचा हिरवा कधीच पिवळा झालाय.
इथे बसून मी लोकांच्या सुट्ट्या जुळवते.
लोक विचारतात : फेब्रुवारीत पाऊस असतो का?
गवतात साप असतात का?
विमानात काठ्या मोडल्या तर भरून कोण देणार?
मी सांगते : नाही. क्वचित. तुम्हीच.

नागोयाच्या चौघांनी मात्र अकरा वर्षांत
एकदाही काही विचारलं नाही.
म्हणजे कुझेसान विचारू देत नसत.
ऑक्टोबर लागला की त्यांचा आलेखाचा कागद यायचा,
टोकदार पेन्सिलीनं आखलेला :
पाच पन्नासला भाताची पेज, आलं जास्त.
सहा बेचाळीसला पहिला फटका,
म्हणजे नवव्या होलला पोचेस्तोवर
ऊन पाठीवर असतं, डोळ्यांत नाही.
तिसऱ्या दिवशी दुपारी काही नाही.
त्या काही नाहीलासुद्धा चौकट.

यंदा नोव्हेंबर निम्मा सरला
आणि मेल आली ती मोरिमोतोंची.
कुझे जुलैत गेले.
आम्हा तिघांना खरं तर काहीच ठाऊक नाही,
आम्ही कुठल्या हॉटेलात उतरायचो?
सकाळी ते काय असायचं, पांढरं, गरम?
आणि त्यांची बॅग तुमच्याकडेच कुठेतरी आहे ना?

आहे. कोर्सच्या कोठीत, गवत कापायच्या यंत्रामागे.
सामानाचं जादा भाडं वाचवायला दरसाल ठेवून जायचे
आणि वाचलेल्या पैशाचे वाळवलेले माकूळ घेऊन
कॅडींना वाटायचे. हिशोब कुठे जुळायचा, देव जाणे.

जुनी वही काढून सगळं पुन्हा मांडलं.
तीन खोल्या, तीन गाड्या, तीन कॅडी,
पण कॉम्प्युटर चौथा रकाना मोकळा घेईना.
सीझनमध्ये मोकळा रकाना आपोआप भरतो,
कुणीतरी अनोळखी येऊन जोडला जातो,
एखादा दातांचा डॉक्टर, माणूस चांगलाही असेल,
पण चालताना बोलणारा.

मी लामदुआनला फोन लावला.
सत्तेचाळीस नंबरची कॅडी. अकराही वर्षं
कुझेसानांची बॅग तिच्याच हाती.
ऐकून ती आधी गप्प झाली, मग म्हणाली,
ते झाडीत चेंडू बुटाच्या टोकानं सरकवायचे, माहितेय?
वीतभर. कुणी बघत नाहीसं पाहून.
आणि मग कार्डावर स्वतःच एक फटका वाढवायचे.
मला कधी कळलं नाही,
वाढवायचाच तर सरकवायचा कशाला.

आमच्याकडे कॅडींना खेळायची मुभा आहे,
सोमवारी, चारनंतर, गिऱ्हाईक नसेल तर.
ही वेळ गुरुवार सकाळची.
पण मॅनेजर प्रासित माझ्या मावसभावाचं देणं लागतो,
ते असो.
मी चौथ्या रकान्यात तिचं नाव टाकलं आणि तिला सांगितलं.

बराच वेळ फोनवर नुसत्या कोंबड्या.
मग : त्यांच्या काठ्या मला उंच पडतील.
मग : नवव्याला डावीकडं पाणी आहे, ते तिघं दरवर्षी विसरतात.
मग, जरा हळू :
पण माझी बॅग कोण उचलणार?

तिघांना विचारलंय, कळवते म्हटलं.
खरं तर अजून विचारलेलं नाही.
मेल लिहायला घेतली :
पेज, आलं जास्त. सहा बेचाळीस.
चौथी व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे.
मग कागद घेतला, कुझेसानांसारखा,
तिसऱ्या दिवसाच्या दुपारपाशी आले.
पट्टी सापडेना,
कुणाच्या तरी पासपोर्टच्या झेरॉक्सची कड धरून
चौकट आखली.
जराशी तिरकी आली.