पिवळ्याचा नमुना

बर्स्लेममध्ये, बंद पडलेल्या कपबशांच्या कारखान्यासमोर
ओटकेकच्या दुकानावर आमचा स्टुडिओ.
खालून तव्याचा वास येतो, वर मी दात पांढरे करते.
आठवड्याला दोनशे तोंडं:
नवरदेव, शाळेची पोरं, एक नगरसेवक
ज्याच्या हसण्यातून मी दर निवडणुकीला पालक काढते.

काम सोपं आहे. तीनशे टक्के जवळ जायचं,
हिरड्या सोडून दातांभोवती रेघ ओढायची,
पिवळा उतरवायचा, उजेड थोडा चढवायचा
आणि थांबायचं.
थांबणं जमलं नाही तर माणसाच्या तोंडात
बाथरूमच्या फरशा बसवल्यासारख्या दिसतात.
डोळ्यांच्या पांढऱ्यापेक्षा दात पांढरे नकोत,
एवढाच माझा धर्म.

मंगळवारी हिल्डा टनिक्लिफ आली. नव्वदीची.
शनिवारी काढलेला रंगीत फोटो तिला दाखवला:
कवळी एकसारखी, खोक्यातून नुकत्याच काढलेल्या टी-सेटसारखी.
मला करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.
तिने पर्समधून पाकीट काढलं, पाकिटातून
एक काळापांढरा फोटो. एकोणीसशे त्रेपन्न.
जत्रेतल्या झोपाळ्यावर ती, डोकं मागे टाकून हसणारी,
समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले,
दोघांच्या बाकावर तिघं बसावेत तसे.

"हे मला परत लावून दे."

मग भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं:
लग्नाआधी महिनाभर बापाने भेट दिली.
सगळे दात उपटून घेतले, चांगले होते तेही,
वरचे एका दिवशी, खालचे पुढल्या आठवड्यात.
म्हणजे पुढे नवऱ्याला दातांचा खर्च नको.
दोन्ही बहिणींचंही असंच.
"बाप वाईट नव्हता गं. त्यासाठी त्याने पैसे साठवले होते."

माझ्या बापाने बहिणीसाठी सोनं साठवलं होतं.
मी मनात दोन्ही बाप शेजारी बसवले.
त्यांना एकमेकांशी बोलायला काहीच अडचण आली नाही.

"दात काढू नकोस," शाळेत बाई ओरडायच्या
कुणी फार हसलं की.
हे हिल्डाला कोणत्या इंग्रजीत सांगू?

जुन्या फोटोत आकार होता. रंग नव्हता.
कसे होते, विचारलं.
"कसे म्हणजे? दातांसारखे."
बारा वर्षं पिवळा पुसत आले,
आता मला पिवळा बनवता येईना.
हस्तिदंती केला, पियानो झाला.
चहाचा केला, आजारपण झालं.
साडेपाचला मालक गॅरेथ गेला. मी दार लावलं,
फोन तोंडासमोर धरला
आणि ओठ वर केले.

पांढरकवड्याच्या हापशाचं पाणी.
आमच्या आळीत सगळ्यांचे तसेच: आडव्या तपकिरी रेघा,
जमिनीखालचं पाणी कुठवर आहे
ते दातांवर लिहून ठेवल्यासारख्या.
या देशात आल्यापासून मी ओठ मिटून हसते.
ग्राहकांना ते सभ्य वाटतं.

दोन रेघांच्या मधे, सुळ्याच्या पोटाशी,
एक जागा सापडली जिथे रंग नुसता रंग होता.
तिथून एक थेंब उचलला,
हिल्डाच्या तोंडात सोडला,
साठ टक्क्यांवर आणला.
बसला.

शुक्रवारी तिने बराच वेळ पाहिलं.
जीभ ओठांमागे फिरत होती, काहीतरी मोजल्यासारखी.
"डावा थोडा पुढे होता."
पुढे केला.
"अजून."
अजून केला. आता तो दात
कोणत्याही फोटोग्राफरने परत पाठवला असता.

"रंग तोच असावा," म्हणाली. "कुठे मिळाला?"

"पाण्यातून," मी म्हटलं, ओठ फार न उघडता.

तिला वाटलं, कॉम्प्युटरमधला एखादा शब्द असेल.
समजल्यासारखी मान हलवली
आणि नऊ पौंड, सुटे,
टेबलावर एकेक करून मोजले.