डबी नंबर सतरा

उदगीरच्या दाळमिलीत दिवसभर तुरीचं टरफल उडतं,
दैवशालाबाईंना वाटलं, त्याचाच खोकला.
"कवापास्नं खोकूलालात?"
"पोळ्यापास्नं."
म्हणजे अडीच महिने.

काचेवर पसरून, तापवून, रंगवून
डोळा लावते. निळ्या रानात लाल काड्या,
दोन-तीन एकमेकींना चिकटून,
पारावर बसल्यासारख्या.

त्या बोलतात, हे मला उशिरा कळलं.
अंबाजोगाईच्या प्रशिक्षणात एका पोरसवदा डॉक्टरनं
फळ्यावर बांगडी काढली: हा त्यांचा रेणू.
एवढीशी बांगडी पेशीत किणकिणली
की पेशी दचकते,
आतल्या आत हाकाटी, गस्त जागी.
जंतूला ते ठाऊक असतं.
आपलीच बांगडी तो मोडून टाकतो,
चोराच्या सावधपणानं.

मग कुणीतरी उलटा विचार केला म्हणे.
लशीतला जंतू तसा गरीब, अबोल.
त्याच्याच हातात चुडा भरायचा.
वाजू दे. पेशी नीट शिकेल.
उंदरांत जमलंय. माणसांचं अजून बघायचंय.

हात धुताना माझी बाही वर सरकते.
डाव्या दंडावरचा खळगा,
आई त्याला अजून देवीच म्हणते.
लेकरांना मेंदूच्या टीबीतून वाचवतो तो, खरंय.
पण दैवशालाबाईंच्या दंडावरही आहे.
साखर तपासताना पाहिला मी.

नोंदवहीत लाल पेनानं: तीन प्लस.

बाहेर बाकावर त्या,
पदर तोंडाशी. हातभर हिरव्या बांगड्या,
खोकल्या की वाजतात.