गाडी विकण्याआधी

गुदैबियातल्या आमच्या गल्लीत अजून उभी आहे ती,
पांढरी कोरोला, टपावर धुळीची साय.
कुणीतरी बोटाने तिच्यावर मल्याळममध्ये काही लिहिलंय.
उद्या गिऱ्हाईक येणार.
आज मी डिकी रिकामी करतोय.

जंपर केबल. दोन सतरंज्या.
हळदीकुंकवाला वाटून उरलेले स्टीलचे चमचे, सत्तावीस.
मखराचा एकच थर्माकोलचा खांब,
दुसरा कुठे ठेवलाय ते फक्त बाबांना ठाऊक.
आणि स्टेपनीच्या खाली, पिशवीत पिशवी घालून,
कोरं पांढरं कापड.

आई गॅलरीतून म्हणाली, ते असायचंच गाडीत.
एका शुक्रवारी सकाळी, बाजार बंद असताना,
सित्र्याच्या कॅम्पातला एक पोरगा झोपला तो उठलाच नाही,
आणि त्याच्यावर घालायला
लॉजवरची फुलाफुलांची चादर मागून आणावी लागली.
त्यानंतर भास्कर नाटेकर
कापडाशिवाय घराबाहेर पडले नाहीत.

त्यांच्या वेळी मात्र हे कुणालाच आठवलं नाही.
बाजारातून आणलं. घाईत. थोडं आखूड पडलं.

खरं सांगायचं तर ही गाडी मला आवडायची नाही.
पुढच्या सीटवर मी कधी बसलोच नाही.
तिथे विमानतळावरून उचललेला, पाय आखडून बसलेला वेल्डर,
नाहीतर पहिल्या ड्यूटीला निघालेली सफाळ्याची नर्स,
मांडीवर डबा, डब्यावर घट्ट दोन्ही हात.
माझ्या दहावीच्या निकालादिवशी बाबा वकिलातीच्या रांगेत होते,
कुणाचा तरी पासपोर्ट मालकाने दाबून ठेवलेला.
रात्री पेढे आणले, अर्ध्या किलोतले चार उरलेले.
"रांगेत वाटले रे. सगळ्यांना सांगितलं, पोरगा पास झाला."
मी दार लावून घेतलं.

आईच्या पाटल्यांबद्दल मी कधी विचारलं नव्हतं.
परवा मेथी निवडता निवडता तीच म्हणाली,
"मी दिल्या. ह्यांनी मागितल्या नव्हत्या."
म्हणजे इतकी वर्षं मी
चुकीच्या माणसावर रागावलो होतो,
किंवा अर्ध्याच माणसावर.

ते गेले साध्या मंगळवारी, दाढी करताना,
एक गाल गुळगुळीत, एका गालावर फेस.
सलमानियाच्या खिडकीशी मी कागद घेऊन उभा,
तर आतला बहारिनी कारकून नाव वाचून थांबला.
"बास्कर?"
उठून स्वतःची खुर्ची बाहेर आणून दिली मला.
म्हणाला, एकोणीस वर्षांत
या माणसाने एकही फॉर्म चुकीचा भरला नाही.
मी तीन फॉर्म फाडले त्या दुपारी.

डॅशबोर्डच्या कप्प्यात वही निघाली, मुंगीएवढ्या अक्षरांची.
नावं, खोली नंबर, रक्तगट,
गावी शेजारच्या दुकानाचा फोन.
'घरी थेट कळवू नये. आधी थोरल्या भावाला.'
'साखर आहे. बायकोला माहीत नाही.'
'नमाज चुकवत नाही, दुपारी एकला फोन नको.'
कुणाला किती दिनार दिले ते कुठेच नाही.
मी शोधलं. दोनदा.
मधल्याच एका पानावर, एका सुताराच्या आणि एका ड्रायव्हरच्या मध्ये,
माझं नाव:
'रागीट आहे. जेवल्यावर बोलावं.'

ऊन कलतंय. घामाने चष्मा घसरतोय.
चमचे आईला दिले, खांब कचऱ्यात टाकला,
परत जाऊन काढून आणला.
कापड माझ्या गाडीत ठेवलं, स्टेपनीच्या खाली,
तशीच पिशवीत पिशवी घालून.
का, ते विचारू नका.
मला सित्र्याच्या कॅम्पाचा रस्ताही नीट माहीत नाही.

वर आले तेव्हा ताट वाढलेलं होतं.
गाडी विकायची की नाही, मी विषय काढणार,
एवढ्यात आई भाताची मूद सारखी करत म्हणाली,
"आधी जेव.
मग बोलू."