क्लिकमागे अकरा

म्हापशात, टायरच्या दुकानावरच्या खोलीत बसून
मी अनास्तासियाबायच्या चार खोल्या विकतो,
दिवाडी बेटावरच्या. क्लिकमागे अकरा रुपये.
महिनाअखेर बजेट आटलं की शब्द छाटतो.
'स्वस्त' गेला, 'कसिनो' गेला,
दिवाळीचा फराळ शोधत चुकून आलेले
तर ढिगाने गेले.

मग ही एक ओळ:
दिवाडी शेवटची फेरीबोट किती वाजता.
स्विंडन, इंग्लंड. मोबाइल.
तिथं रात्रीचे अकरा, इथं पहाटेचे साडेचार.
पानावर थांबला सात सेकंद.
बुकिंग शून्य.

चौतीस क्लिक, तीनशे चौऱ्याहत्तर रुपये.
बाय फोनवर म्हणाली, कोण रे तो? काड ताका.
मग जरा थांबून,
थंय खंयची फेरीबोट चुकतली ताची?

वगळायच्या यादीत ओळ टाकली,
सेव्ह केली नाही.
पानाच्या तळाशी, खोल्यांच्या भाड्याखाली,
बारीक अक्षरात फेरीची वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी एक क्लिक. चार मिनिटं, नऊ सेकंद.
त्यानंतर स्विंडन नाही.
आलेख सपाट, भरती ओसरल्यावरच्या चिखलासारखा.
बायला कळवलं: खर्च कमी झाला.
ती बरं म्हणाली नाही.