अर्थिंग

नाना पेठेत मुबारक आत्तारांच्या दुकानाबाहेर
माझ्या जिप्सीचं बॉनेट सकाळी दहापासून उघडं.
चहा दोनदा झाला.
मुबारकभाई टेस्ट लॅम्पचं टोक टेकवत फिरतायत,
डॉक्टर पाठीवर नळी फिरवतात तसे,
आणि शेवटी आतूनच म्हणतात,
"ताई, अर्थ लागत नाहीये."

मी म्हणाले, बावन्न वर्षं झाली.
ते हसले नाहीत. त्यांचं लक्ष मीटरकडे.

लाल वायर थेट बॅटरीवरून घेतली, मध्ये फ्यूज,
म्हणजे वायपर फिरले तरी बोलण्यात खरखर नको.
अँटेना टपावर मधोमध हवी, हे मलाही कळतं,
पण आमच्या बावधनच्या पार्किंगमध्ये
ड्रेनेजचा पाइप इतका खाली, की पहिल्याच रात्री टण्ण,
आणि वॉचमन सोपानराव काठी घेऊन धावले.
म्हणून आता मागे, स्टेपनीच्या ब्रॅकेटवर, स्प्रिंगसकट.
वाकेल, थरथरेल, घरात तर शिरेल.

"रंग खरवडावा लागेल."
मी नको म्हणाले. मग काहीच म्हणाले नाही.
हा हिरवा हेरंबनं मारलेला,
धायरीच्या शेडमध्ये, शेड दोघांची होती तेव्हा,
नाकाला रुमाल बांधून, तीन हात,
आणि वर खडूनं पाटी: ओला आहे, ताईनं लांब राहावे.
पॉलिश पेपर फिरला.
रुपयाएवढा पत्रा उघडा पडला,
इतका लख्ख, की मी रस्त्याकडे बघत राहिले.
वॉशर, नट, काळी वायर. आवळलं.
काटा हलला.

पण अजून तीनच्या पुढेच.
"जे बाहेर जात नाही ना, ते परत येतं,"
सुपारी गालात सरकवत मुबारकभाई सांगतात,
"त्याच वायरीतून, उलटं. सेटच जाळतं आतून."
हे कुणी शेडच्या खटल्याआधी सांगायचं.

मग दांडी कापणं.
एक नंबरवर बघ, चाळीसवर बघ.
चाळीसवर जास्त, म्हणजे अजून लांब आहे.
पुन्हा कानस. तांदळाएवढं. पुन्हा.
जास्त गेलं तर जोडता येत नाही हो, ताई, घाई नको.
घाई कुणाला आहे.
दीडवर काटा थांबला तेव्हा
समोरचा टायरवालासुद्धा येऊन बघून गेला.

स्पीकर मात्र घरून आणलाय.
सेटचा स्वतःचा पोटाखाली,
पायपुसण्याशी बोलल्यासारखा पुटपुटतो.
हा जुना, तपकीर गल्लीतला, कॅसेटच्या काळातला.
जाळी चेपलेली, आवाज शाबूत.
तो उजव्या खांद्यामागे लावून घेतला,
कारण डाव्या कानानं हल्ली कमी येतं.
हेरंबला हे माहीत नाही.
हेरंबला माहीत नाही असं बरंच साठलंय.

उद्या पहाटे निघायचं, वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या अंगाला.
अकरा गाड्या.
क्रम लावणारा पोरगा नवीन, त्याला काय कल्पना:
चौथा हेरंब, पाचवी मी.
तिकडे मोबाइल मरतो.
पुढच्यानं मागच्याला सांगत जायचं असतं,
डावीकडे दगड आहे, ओढ्याला गुडघाभर पाणी,
थांब. आता ये.

बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं.
दोन्ही एकदम होत नाही, यंत्रच होऊ देत नाही.
सहा वर्षांपूर्वी वकिलाच्या टेबलावर
असलं एक असायला हवं होतं.

मुबारकभाईंचा भाचा दुसरा सेट घेऊन
डुल्या मारुतीपर्यंत गेलाय.
मी दाबते.
काय बोलायचं ते ठरवलेलंच नाही.
"ऐकू येतंय का?"
सोडते.
खरखर. कुठल्यातरी टेम्पोचा हॉर्न. खरखर.
मग चेपलेल्या जाळीतून, इतक्या जवळून
की मी दचकून सीटवर पुढे सरकते:
"येतंय, ताई. तुम्ही बोला.
आणि मामूला विचारा, येताना चहा आणू का?"