ओवरची रेघ

भाषेचं नाव गंज.
रस्ट. बाबा हसले : तो तर आपल्याकडे फुकट मिळतो,
नांगराला, खिळ्यांना, दाराच्या बिजागरीला.
शिकायचा कशाला?

शिकायची म्हणून मी शिकत नव्हतेच.
भरती-ओहोटीचा तो फुकटातला प्रोग्राम
कास्त्रो दाखवायचा, अंकूद दाखवायचा,
आमचं केयोन निवडलं
की जागच्या जागी मरायचा.
आणि बाबांना शेवाळ कापायला पहाटे खडकांवर उतरायचं असतं.
पाणी कुठवर हटेल ते कळल्याशिवाय कोण उतरेल?

कोड उघडा होता.
गोदामाचं दार सताड असावं
आणि आत हाक मारायला कुणीच नसावं, तसा.
मी आत गेले.

शिनाण्यांच्या कारखान्यातून रात्रपाळी करून यायचे,
बोटं सुरकुतलेली, वास साबणाला न जुमानणारा.
जुन्या लॅपटॉपचं एमचं बटण निखळलेलं,
टाचणीने दाबावं लागे,
आणि या भाषेत काही बदलू द्यायचं म्हटलं
की आधी एम.

पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं नाही.
चूक जिथे होती तिथून वाचलं, मागे-पुढे,
परक्या गावात आपण आधी दवाखान्याची वाट शिकतो
आणि चौकांची नावं नंतर.

कंपायलर आमच्या एल्बा आत्यासारखा :
ही वस्तू तुझी की उसनी?
उसनी असेल तर हात लावायचा नाही.
त्याला देऊन टाकलीस ना? मग आता मागू नकोस.
होडी उसनी देणाऱ्या घरात वाढले,
म्हणून एवढं पटलं.
बाकी अकरा रात्री काहीच पटलं नाही.

बाराव्या रात्री सापडलं.
कुणीतरी कधीतरी लिहिलेलं :
गावाचं नाव सहा घरांत बसव, पुढचं छाट.
कास्त्रोची अक्षरं सहा, अंकूदची पाच.
आमच्या नावात सहावा ओ,
डोक्यावर तिरकी रेघ असलेला,
आणि त्या रेघेपायी तो यंत्राच्या पोटात
दोन घरं अडवतो.
सुरी नेमकी त्याच्या मधून चाललेली.
प्रोग्राम मरत नव्हता.
अर्धं अक्षर उच्चारायला नकार देत होता.
मला त्याचा एकदम आदर वाटला.

चार ओळी बदलल्या, पाठवल्या.
सांभाळणारी बाई अ‍ॅबर्डीनची, मोराग,
जिच्या नावात कुठेच रेघ नाही.
परत आल्या : चाचणी कुठाय?
चाचणी लिहिली. परत : याला हे नाव का?
नाव बदललं. परत : प्रत कशाला काढतेस, उसनं घे.
माझं इंग्रजी तुटकं, तिचं तुटक.
लॅपटॉप चुलीशेजारच्या लाकडांवर आदळला,
टाचणी कुठे उडाली कोण जाणे.

लहानपणी मिंगा पाहिली होती.
घर हलवायचं असलं की आमच्याकडे
अख्खं गाव दोर धरतं, बैल जुंपतात,
आणि एक माणूस दोराला न शिवता नुसता ओरडतो :
डावीकडे! थांबा! डावीकडे म्हटलं ना!
मला वाटे, हा फुकटचा साहेब.
फडताळातला एकही पेला फुटला नव्हता,
हे त्या घरच्या बाईने पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलं.

चौथ्यांदा मोरागने घेतलं.
खाली लिहिलं : चूक माझी, नऊ वर्षं जुनी.
मी अक्षरं मोजतेय असं मला वाटत होतं.

दोन दिवसांनी ट्रोम्सोहून, तिथलाही सहावा ओ,
पोटात आडवा छेद असलेला,
कुणी अनोळखी माणसाने नुसता अंगठा धाडला.

पहाटे बाबांनी बूट चढवले, फोन उघडला.
ओहोटी पाच वाजून चाळीस.
वर गावाचं नाव, सहा अक्षरी, रेघेसकट.
बराच वेळ बघत राहिले.
"न कुठाय आपला?"
म्हणाले, आणि बादली घेऊन खाली उतरले.

मी लाकडांमध्ये
टाचणी शोधायला लागले.