पेव

कंपनी विकली त्या दिवशी दिल्लीचे दोघं आले,
बुटांना हळद लागू नये म्हणून
यार्डातून चवड्यांवर चालत.
मी टेबलावर खतावण्या मांडल्या. एकवीस.
पहिलीचा पुठ्ठा बोटांनी खाल्लेला.

आत पायगोंडा मगदुमांचं अक्षर:
'ट्रेडल मशीन एक, मिरजेच्या लिलावात, रुपये साडेआठशे.
खिळे दोन मण. ळ कमी.'
हळदीच्या पेठेत ळ कमी!
चार महिने पोत्यांच्या लेबलांवर 'हलद' गेली,
कुणी परत केली नाही.

मग दहावीचं गाईड. ते धबाधबा खपलं.
जत, विटा, आटपाडी, एस.टी.च्या टपावर गठ्ठे,
कंडक्टरला दोन प्रती फुकट.
गाईडनं कुपवाडला शाईचा कारखाना काढला,
शाईनं कागदाची एजन्सी,
एजन्सीनं जिनपालदादांचं लग्न,
आणि कॅलेंडरनं, मागं रेल्वेचं वेळापत्रक असलेल्या,
कोल्हापूरची तीन मजली शाखा.
ट्रॅक्टरचे सुटे भागही विकले दोन वर्षं;
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

कवितांना वेगळं पान.
अण्णा वर्षाला एक पुस्तक काढायचे,
पर्युषणातल्या उपासासारखं, कुणाला न विचारता.
पाचशे छापायची, ऐंशी जायची.
गोदामाचं भाडं परवडेना तेव्हा
हरिपुरात एक पेव घेतलं.
हळद राहते की वर्षानुवर्षं, म्हणाले,
ह्या का नाही राहणार?
भाव येईल तेव्हा काढू.

पेव उघडताना आधी कंदील सोडायचा.
विझला तर माणूस उतरवायचा नाही,
कोंडलेली हवा जीव घेते.
मी एकदाच पाहिलं, नोकरीला लागले त्या साली:
दोरीला कंदील, काठावर सगळे वाकलेले,
कंदील गेला, गेला,
आणि जळत राहिला.
गणू कोळेकर उतरला. वर आला
दोन गठ्ठे आणि पिवळे हात घेऊन.
कुठल्याशा कॉलेजानं अठ्ठावीस प्रती मागवल्या होत्या.

पाच सालच्या पुरात नदी हरिपुरात शिरली.
त्यानंतर कुणी कंदील सोडला नाही.

दिल्लीकरांनी गाईडला सव्वा कोटी लावले,
कॅलेंडरला त्याहून जास्त.
'पेव' शब्दावर लॅपटॉपवाला थांबला.
गोदाम आहे का हे?
म्हटलं, हो. जमिनीखालचं.
क्षेत्रफळ?
मी हातांनी दाखवलं: तोंड एवढं,
आत सोळा हात.
त्यानं रकान्यात शून्य भरलं.

सह्या झाल्यावर दादा म्हणाले,
पहिली वही राहू दे तुमच्याकडं, अक्काताई.
रिक्षात मांडीवर घेऊन बसले.
हरिपूर रस्त्यावर चिंचा पडलेल्या,
चाकाखाली फुटत होत्या.

संध्याकाळी शेजारच्या पोराला विचारलं,
कंदील आहे का रे तुमच्यात?
त्यानं मोबाइलचा दिवा लावून दाखवला.
म्हटलं, तो नको.
विझणारा पाहिजे.